सोलापुरात इमोबिलायझर अडला तर: वायरिंगवाला, चावीवाला, सर्व्हिस सेंटर की पुण्याचं पार्सल?

सेल्फ खणखणीत फिरतो, पण गाडी उचलत नाही. किंवा उचलते, दोन सेकंद चालते आणि गपकन बसते. डॅशबोर्डच्या मीटरवर चावीचा नाहीतर कुलपाचा दिवा मिचमिचत असतो. म्हणजे इमोबिलायझर, ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न देणारी चोरीविरोधी यंत्रणा, अडलेला असण्याची शक्यता. दहा-पंधरा वर्षं झालेल्या कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणाऱ्या, गाडीत हे लक्षण दिसलं की सोलापुरात चार दारं आहेत: बॅटरी-वायरिंगचं काम करणारा ऑटो इलेक्ट्रिशियन, चिपची चावी बनवणारा, कंपनीचं सर्व्हिस सेंटर आणि ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) दुरुस्तीसाठी पुण्याला जाणारं पार्सल. या चार प्रकारच्या सेवांचं हे परीक्षण आहे. दुकानांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. कारागीर बदलतो आणि पाटी तीच राहते, त्यामुळे काम करण्याची पद्धत ओळखता येणं जास्त उपयोगाचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. वर लिहिलेल्या क्रमानेच जावं. उलट्या क्रमाने गेलं तर बिल पाच आकडी होतं आणि दोष शेवटी अर्थच्या, म्हणजे मायनसच्या, एका गंजलेल्या वायरीत सापडतो.

क्रम असाच का, हे कळण्यापुरती रचना. चावीच्या डोक्यात बिनसेलची चिप असते. स्टार्टिंग लॉकच्या तोंडाशी प्लास्टिकची एक रिंग असते आणि तिच्यात केसाएवढ्या तांब्याच्या तारेची कॉइल. चावी ऑन केली की कॉइलमधून बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल निघतो, चिप तेवढ्याच ऊर्जेवर जागी होते आणि आपली ओळख देते. इमोबिलायझरचं युनिट ती ओळख तपासून ईसीएमला होकार कळवतं. होकार आला नाही तर ईसीएम इंजेक्टरना पल्स देत नाही. काही गाड्यांत सेल्फसुद्धा अडवला जातो, पण जुन्या डिझेलमध्ये सहसा सेल्फ फिरत राहतो आणि मालक बिचारा बॅटरी संपेपर्यंत मारत बसतो.

रिमोटचं लॉक-अनलॉक हे प्रकरण वेगळं. ते सेलवर चालतं, आपल्याकडे बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर. म्हणून रिमोटचा सेल बदलून इमोबिलायझर सुधारत नाही, आणि रिमोट मेला म्हणून गाडी अडत नाही. जो कारागीर चावी हातात घेऊन पहिल्यांदा सेल बदलतो, त्याला हे काम येत नाही असं समजायला हरकत नाही. (पुश बटणाच्या गाड्या इथे धरलेल्या नाहीत.)

घरातून निघण्याआधी

दुसरी चावी लावून बघा. तिने गाडी लागली तर दोष पहिल्या चावीत आहे. वायरिंगवाला, ईसीएमवाला दोघेही बाद, सरळ चावीवाल्याकडे. अडचण एवढीच की सेकंडहँड घेतलेल्या गाडीबरोबर पुष्कळदा एकच चावी आलेली असते.

त्यानंतर किचेन काढा. एकाच कड्यात दोन गाड्यांच्या चिपच्या चाव्या असल्या तर दोन्ही चिपा एकदम बोलतात आणि युनिटला एकीचंही धड ऐकू येत नाही. हल्ली निघालेली धातूची चावी-कव्हरं हा दुसरा उपद्रव. दिसतात छान, पण कॉइलचा सिग्नल चिपपर्यंत पोचू देत नाहीत.

बॅटरी मल्टिमीटरने मोजा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे; १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. खरी परीक्षा सेल्फ मारताना. त्या वेळी काटा ९.६ च्या खाली गेला तर इमोबिलायझरला दोष देण्याआधी बॅटरी बदला. डिझेल इंजिनचं कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे सेल्फ पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो. व्होल्टेज इतकं कोसळतं की युनिट किंवा ईसीएम त्या क्षणी रीसेट होतं आणि ओळखपरेड अर्धवट राहते. सोलापूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली भाजून निघालेली बॅटरी वरून ठणठणीत दिसते, हॉर्नही जोरात वाजतो, पण सेल्फच्या झटक्याला टिकत नाही. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर गंजतात आणि पाणी उडतं.

यातच एक फुकटची परीक्षा आहे. चावी ऑन ठेवून, दुसऱ्या गिअरमध्ये धक्का मारून गाडी लागली, तर चिप, कॉइल आणि युनिट तिन्ही शाबूत आहेत. दोष सेल्फच्या वेळच्या व्होल्टेजमध्ये आहे. धक्क्यानेही उचलली नाही आणि दिवा मिचमिचतच राहिला, तर होकारच मिळत नाहीये. टायमिंग बेल्टच्या गाडीवर हा प्रयोग टाळावा, बेल्ट दात सोडू शकतो. ऑटोमॅटिकवर तर प्रश्नच नाही.

दिव्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा: चावी ऑन केल्यापासून दहा सेकंद, मग सेल्फ. अधूनमधून येणारा दोष दुकानासमोर हमखास गायब होतो, तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो. दिवा एकदा लागून दोन-तीन सेकंदांत विझत असेल आणि तरी गाडी उचलत नसेल, तर कंपनीचा इमोबिलायझर सोडून डिझेल फिल्टरमधली हवा, क्रँक सेन्सर, रेल प्रेशर असा तपास करावा लागतो. थंडीत इंजिन पेटायला मदत करणाऱ्या हीटर प्लगवर भर उन्हाळ्यात संशय घेणाऱ्याला मात्र नमस्कार करून निघावं.

आणि उभ्या ट्रकवरून जंप घेऊ नका. ट्रकची सिस्टीम २४ व्होल्टची. हायवेवर मदत म्हणून दिलेल्या या एका जंपने ईसीएम जळू शकतं, आणि मग खरोखरच चौथं दार गाठावं लागतं.

वायरिंगवाला

मेकॅनिक चौकापासून होटगी रोड, अक्कलकोट रोडपर्यंत ऑटो इलेक्ट्रिशियन पुष्कळ. चांगला कोणता, ते त्याच्या हातात काय आहे त्यावरून कळतं. नुसता टेस्टर घेऊन वायरी टोचणारा नको. मल्टिमीटर वापरणारा बरा. मल्टिमीटर बाजूला ठेवून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब काढणारा सगळ्यात चांगला.

बल्ब का, हे समजून घेण्यासारखं आहे. इमोबिलायझरच्या युनिटला चार गोष्टी लागतात: बॅटरीचा कायमचा प्लस, चावी ऑन केल्यावरचा प्लस, अर्थ, आणि ईसीएमशी बोलायची तार. समजा अर्थच्या वायरीत हिरवा गंज शिरलाय आणि आत एकच धागा शिल्लक आहे. मल्टिमीटर लावला तर तो आरामात १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. एका धाग्याच्या वायरीवर तो मंद, लालसर पेटतो आणि दोष डोळ्यांना दिसतो. हीच गोष्ट मोजून बघायची तर युनिटची अर्थ पिन आणि बॅटरीचं मायनस यांच्यात, भार चालू असताना, ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसता कामा नये. इंजिन ब्लॉक ते बॅटरी मायनस हा जाड पट्टाही सेल्फ मारताना याच पद्धतीने तपासावा.

तुमच्या गाडीत युनिट कुठे आहे, हे त्याला माहीत आहे का ते विचारा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीडीआय डिझेल गाड्यांत ते डॅशबोर्डच्या मीटरच्या आतच असतं. इतरांत स्टिअरिंगखाली वेगळी डबी, किंवा डॅशबोर्डखालच्या बॉडी मॉड्यूलमध्ये. पायाशी बसवलेल्या युनिटचा शत्रू एसीच्या पाण्याची नळी. ती धुळीने चोंदली की पाणी बाहेर पडायच्या ऐवजी कार्पेटखाली जातं. वरून कार्पेट कोरडं लागतं, खालचा फोम मात्र स्पंजासारखा भिजलेला. कार्पेट उचलून फोम दाबून बघणारा कारागीर दिसला तर त्याच्याकडे गाडी निर्धास्त सोडा. महिनाभर न हललेल्या गाडीत उंदराने कुरतडलेली वायर हेही नेहमीचं.

स्टार्टिंग लॉकची रिंग तपासायला दहा मिनिटं लागतात. स्टिअरिंगचं खालचं प्लास्टिक कव्हर उतरवायचं, दोन-तीन स्क्रू असतात. रिंगेचा कपलर (वायरींचा जोड) काढायचा. ज्या गाडीत रिंगेतून दोनच तारा निघतात, तिथे त्या दोन पिनांमध्ये ओहम मोजायचे. काही ओहम ते काही दहा ओहम दाखवले तर तार शाबूत. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली. मीटर लावलेला असतानाच रिंग आणि वायर हलकेच हलवावी. अधूनमधून अडणाऱ्या गाडीत आकडा इथेच उड्या मारतो. स्टिअरिंग वरखाली करायची सोय असलेल्या गाड्यांत रिंगेची वायर वर्षानुवर्षं वाकून आतून तुटते, वरचं आवरण मात्र अखंड असतं. रिंगेतच छोटं सर्किट असलेल्या गाड्यांत ही ओहमची परीक्षा चालत नाही. तिथे सप्लाय तपासून स्कॅनरवर जावं लागतं.

बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक-अलार्मचं किट असेल तर सगळ्यात आधी त्याच्याकडे बोट दाखवा. या किटांतही एक इमोबिलायझर रिले असतो आणि तो इग्निशनची नाहीतर सेल्फची वायर कापून मध्ये बसवलेला असतो. वायरी पिळून वर काळी टेप, बस. दहा उन्हाळ्यांत टेपचा चिकटा वितळून निघतो, जोड सैल होतो, रिलेचे पॉइंट जळतात. कंपनीचा दिवा व्यवस्थित विझतोय आणि तरी गाडी मेलेली, तर बहुधा हाच पाहुणा. किट काढून मूळ वायर सोल्डरने जोडणं आणि वर हीट श्रिंक नळी चढवणं हे काम दोन तासांचं. पिळून टेप मारणाऱ्याला पैसे देऊ नका.

वायरिंगवाल्यांत एक खोड सर्रास आढळते. दोष सापडला नाही की "मालक, ईसीएम गेलंय." हे वाक्य ऐकलं की एकच प्रश्न विचारायचा: सेन्सरचा ५ व्होल्ट रेफरन्स येतोय का? ईसीएम सेन्सरना हे व्होल्टेज पुरवतं; ते चालू असेल तर तो येतो. येत नसेल तरी लगेच ईसीएमला दोषी धरायचं नाही, कारण एखादा शॉर्ट झालेला सेन्सर सगळा ५ व्होल्ट खाली ओढतो. एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. कुठलातरी एक कपलर काढताच ५ व्होल्ट परत आला तर तो सेन्सर चोर. सगळे काढूनही आला नाही, आणि ईसीएमचा सप्लाय व अर्थ बल्बवर नीट आहेत, तर मग ईसीएमवर संशय रास्त. हे न करता ईसीएम खोलायला निघालेल्याकडून गाडी परत घ्या.

एकूण मत: पहिलं दार म्हणून याला तोड नाही. खर्च कमी, आणि जुन्या गाडीत व्होल्टेज, अर्थ, रिंग या तिन्ही गोष्टी इथेच निकालात निघतात.

चावीवाला

साधी चावी कापणारा वेगळा आणि चिप लिहिणारा वेगळा. दुसऱ्याकडे लॅपटॉप किंवा टॅबलेटवर चालणारं प्रोग्रॅमिंगचं यंत्र असतं, आणि तो पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटपर्यंत गाडीजवळ येतोही. टोचन लावून गाडी शहरात आणण्यापेक्षा त्याला बोलावणं परवडतं. टोचनच लावायचं झालं तर चावी लॉकमध्ये ऑन ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. आणि लक्षात ठेवा, इंजिन बंद असताना ब्रेकचा पेडल दोन-तीन दाबांत दगडासारखा होतो.

चांगल्या चावीवाल्याने पहिल्यांदा आरसी आणि ओळखपत्र मागितलं पाहिजे. न मागता कुणालाही चावी करून देणारा उद्या तुमच्या गाडीचीही दुसऱ्याला करून देईल. दुसरं, त्याने सांगितलं पाहिजे: "घरात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या घेऊन या." पुष्कळ गाड्यांत नवी चावी शिकवताना जुनी यादी पुसली जाते आणि समोर असलेल्या चाव्याच परत नोंदल्या जातात. घरी कपाटात राहिलेली चावी त्या दिवसापासून फक्त दार उघडायच्या कामाची. हाच नियम चावी हरवल्यावर आपल्या फायद्याचा असतो: हरवलेली चावी यादीतून उडवून घेता येते. फोर्डच्या जुन्या मॉडेलांत यादी पुसल्यावर निदान दोन चाव्या शिकवल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही, तेव्हा तिथे एकाच चावीचा सौदा करण्यात अर्थ नाही.

प्रोग्रॅम आणि क्लोन यांतला फरक त्याच्याकडून वदवून घ्या. प्रोग्रॅम म्हणजे नवीन ओळखीची चिप गाडीला शिकवणं. त्याला बऱ्याचदा पिन कोड लागतो. ह्युंदाईच्या सीआरडीआय डिझेलमध्ये हा पिन ६ आकडी, जुन्या फोक्सवॅगन-स्कोडामध्ये ४ आकडी. क्लोन म्हणजे चालू चिपची नक्कल. गाडीला दोन्ही चाव्या एकच वाटतात. क्लोन पटकन होतो, गाडीच्या मेमरीला हात लागत नाही, पण मूळ चावी हरवली तर ती एकटी उडवता येत नाही. जादा चावी म्हणून क्लोन ठीक. एक चावी हरवलेली असेल तर क्लोन घेऊ नये.

आता शेल, म्हणजे चावीचं बाहेरचं प्लास्टिक, बदलायचं काम, कारण निम्मी भानगड इथे होते. चावीचं रबर फाटलं की लोक ऑनलाइन नवं शेल मागवतात आणि घरीच बदलतात. रिमोटची सर्किटची पट्टी नव्या शेलमध्ये बसवली, पातं बसवलं, लॉक-अनलॉक चाललं, खूश. दुसऱ्या दिवशी गाडी लागत नाही. कारण चिप जुन्या शेलच्या प्लास्टिकच्या खाचेत चिकटून राहिलेली असते. ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांब असते: एकतर काचेची बारीक कुपी, आत तांबूस तार दिसणारी, किंवा काळा, एका बाजूला निमुळता ठोकळा. बॅटरीसारखी दिसत नाही, वायरी नसतात, म्हणून कचरा समजून फेकली जाते. काचेची असेल तर स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना तडकते. काही रिमोट चाव्यांत वेगळी चिप नसते. ती पट्टीवरच सोल्डर केलेली असते आणि शेजारी छोटी कॉइल. चावी फरशीवर चार वेळा पडली की या कॉइलचा टाका निसटतो. भिंगाखाली पाहून तो टाका परत मारणं हे पाच मिनिटांचं काम आहे. त्यासाठी नवी चावी गळ्यात मारणारे आहेत, आणि टाका मारून देणारेही आहेत. आधी विचारा: "काका, पट्टी खोलून कॉइल बघाल का?"

बिल फोडून मागा: चिप, कोरी चावी आणि कटिंग, प्रोग्रॅमिंग, गाडीजवळ येण्याचे पैसे. चिप ही वस्तू शेकड्यांत मिळते. मोल प्रोग्रॅमिंगच्या कौशल्याचं आहे आणि ते देण्यात काही चुकीचं नाही. पण "चावी झाली नाही तर काय द्यायचं" हे काम सुरू होण्याआधी ठरलं पाहिजे. आणखी एक. प्रोग्रॅमिंग चालू असताना गाडीची बॅटरी उतरली तर युनिट अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकू शकतं. चार्जर किंवा चांगली दुसरी बॅटरी जोडल्याशिवाय लॅपटॉप लावणारा घाईतला माणूस आहे.

सर्व्हिस सेंटर

इथे जायचं ते दोन कामांसाठी: पिन कोड, आणि चेसिस नंबरवरून मागवलेली अस्सल चावी. आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि हातात असलेली चावी लागते. चावी वरून मागवावी लागत असल्याने वाट पाहायची तयारी ठेवा.

दुरुस्तीसाठी मत तितकं चांगलं नाही. सेंटरची पद्धत सुटा भाग बदलण्याची आहे, पट्टीवरचा टाका मारण्याची नाही. जुन्या मॉडेलवर हात बसलेला मेकॅनिक आता तिथे असेलच असं नाही. एस्टिमेटवर थेट "ईसीएम असेंब्ली" लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी स्कॅनचा छापील कागद मागा. पी ०५१३ म्हणजे चावी चुकीची. यू ०१६७ म्हणजे इमोबिलायझर मॉड्यूलशी बोलणं तुटलेलं. हा दोष वायरीचा, फ्यूजचा किंवा युनिटचा असू शकतो. ह्युंदाईत पी १६९० म्हणजे स्मार्ट्रा (त्यांचं इमोबिलायझर युनिट) उत्तर देत नाही, पी १६९१ म्हणजे अँटेना कॉइल, पी १६९३ म्हणजे चिप. फोक्सवॅगन-स्कोडात १७९७८ म्हणजे इमोबिलायझरने इंजिन अडवलंय. ०११७६ म्हणजे चावीचा सिग्नल कमी किंवा अनोळखी. फोर्डमध्ये पी १२६० म्हणजेही इमोबिलायझरने गाडी अडवलीये. यातला एकही कोड "ईसीएम बदला" असं म्हणत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ स्कॅनरबद्दल एवढंच: तो इंजिनचे सर्वसाधारण कोड वाचतो, इमोबिलायझरच्या मॉड्यूलपर्यंत बहुधा पोचतच नाही. त्याने "नो फॉल्ट" दाखवलं म्हणजे इमोबिलायझर सुटला असं नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज आणि आरपीएम बघायला मात्र तो कामाचा आहे.

पुण्याचं पार्सल

ईसीएमची पट्टी उघडून काम करणारे मुख्यतः पुण्यात. अडीचशे किलोमीटर, रात्रीच्या गाडीने पार्सल सकाळी पोचतं. ही वेळ खरोखर आली असेल तर ती या कारणांनी: ईसीएममध्ये पाणी शिरलं, २४ व्होल्टचा जंप बसला, पिना गंजल्या, किंवा वर सांगितलेल्या ५ व्होल्टच्या परीक्षेत ते नापास झालं.

ईसीएम काढताना चावी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा, मुख्य रिले पडू द्या, मग बॅटरीचं मायनस काढा, त्यानंतरच कपलर. वरच्या स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा आणि सगळे नंबर लिहून ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवी, वर बबल रॅप, वर खोका. नुसतं वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवू नका. इमोबिलायझर युनिट आणि चावीसुद्धा लागणार का, हे आधी फोनवर विचारा. बऱ्याचदा टेबलावर पूर्ण संच जोडूनच तपासणी होते.

दुरुस्त करणाऱ्याकडे दोन गोष्टींचा आग्रह धरा. पहिली, हात लावण्याआधी मूळ मेमरीची फाइल वाचून तिची प्रत तुम्हाला पेन ड्राइव्हवर. दुसरी, नेमका कोणता भाग बदलला ते बिलावर. "ईसीएम रिपेअर" एवढे दोनच शब्द लिहिलेलं बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही.

जुन्या बाजारातलं ईसीएम स्वस्त पडतं म्हणून उचलणाऱ्यांची मोठी फसगत होते. ते आपल्या मूळ गाडीच्या इमोबिलायझरला बांधलेलं असतं. नंबर तंतोतंत जुळला तरी तुमच्या चावीला ओळखणार नाही. एकतर ईसीएम, इमोबिलायझर युनिट किंवा मीटर आणि चिप असा पूर्ण संच एकाच गाडीचा हवा, किंवा तुमच्या जुन्या ईसीएममधला डेटा त्यात उतरवून घ्यायला हवा. डिझेलमध्ये आणखी एक पाचर आहे, ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही: इंजेक्टरचे कोड. बहुतेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर एक कोड कोरलेला असतो, त्यात त्या इंजेक्टरच्या डिझेल सोडण्याच्या प्रमाणातला बारीक फरक असतो. सगळे कोड, बरोबर सिलिंडरच्या क्रमाने, ईसीएममध्ये लिहावे लागतात. दुसऱ्या गाडीचं ईसीएम जसंच्या तसं लावलं तर गाडी लागेलही, पण खडखड करेल, धूर टाकेल, आयडलला थरथरेल. मग इंजेक्टर खराब म्हणून नवाच खर्च सुरू. कोडांचे फोटो ईसीएम पाठवतानाच काढून ठेवा.

याच दुकानांत "इमोबिलायझर ऑफ" करूनही मिळतो, आणि गॅरेजमध्ये त्याला "डायरेक्ट करून टाकू" म्हणतात. आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. रिंग किंवा चिप बदलून सुटणाऱ्या दोषासाठी गाडीची सुरक्षा कायमची काढून टाकणं हा आळस झाला. युनिट आणि मीटर दोन्ही कुठेच मिळत नसतील तर शेवटचा मार्ग म्हणून ठीक, पण मग बिलावर तसं लिहून घ्या, मूळ फाइल जपा, विमा कंपनीला कळवा, गिअर लॉक बसवा आणि गाडी विकताना घेणाऱ्याला सांगा. चोरीच्या क्लेममध्ये विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि एक नसली तर प्रश्न विचारते. चावी हरवली त्याच दिवशी पोलिसांत नोंद केलेली बरी.

गाडी ताब्यात घेताना

एकदा स्टार्ट करून पैसे देऊ नका. दहा वेळा बंद-चालू करा, प्रत्येक वेळी चावी पूर्ण बाहेर काढून. तीन-चार वेळा हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून सेल्फ मारा, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम खाली येईल. उन्हात तासभर उभी केल्यावर परत एकदा, कारण तडकलेला टाका गरम झाल्यावरच उघडतो. दोन्ही चाव्यांनी हे सगळं.

न विचारता इमोबिलायझर डायरेक्ट केलाय का, हे ओळखायला कुठल्याही चावीवाल्याकडून तुमच्या गाडीची बिनचिपची साधी चावी कापून घ्या. तीच चावी एरवी दार उघडायलाही घरात असू द्यावी. खिशातली चिपची चावी गाडीपासून लांब ठेवा, साधी चावी लॉकमध्ये घाला आणि सेल्फ मारा. गाडी लागली नाही किंवा दोन सेकंदांत बसली, तर इमोबिलायझर जागेवर आहे. ती चालतच राहिली, तर बिलावर रिंग बदलल्याचं लिहिलेलं असलं तरी दुकानाबाहेर पडायच्या आधी मूळ फाइल मागून घ्या.